नारिंगाच्या सालीचा मुरांबा

एक होता राजा, लांब तिकडे इराणात, शिराज नावाच्या गावी. त्याची राणी वारली आणि त्या दिवसापासून त्याला सगळं कडू लागायला लागलं. मध कडू, दूध कडू, पाणीसुद्धा कडू! अन्न सुटलं, राजा वाळून काडी झाला. पण डोळ्यांतून टिपूस नाही हो. राजे रडत नाहीत म्हणे! ए वेणू, हसतेस काय, ऐक.

अंगणात राणीनं लावलेलं नारिंगाचं झाड होतं. राजा म्हणाला, "याच्या वासानं जीव घुसमटतो माझा. उद्या तोडून टाका."

राजाची लेक महरुख. आईचं म्हणून तिला तेवढं झाडच उरलेलं. पोर झाडाला मिठी मारून रडली. मग तिनं ओटीभर नारिंगं तोडली. आई सालीचा मुरांबा करायची ना, तो बाबाला आवडायचा.

ती आचाऱ्याकडे दिली, पण आचाऱ्यानं घाई केली. सालींवर भसाभसा साखर ओतली, आणि मुरांबा झाला कडूजहर! साखर आधी घातली की कडूपणा आतच कोंडून बसतो, बरं का.

मग सकाळी महरुखनं नुसत्या पाण्यात दुसऱ्या साली उकळल्या. झाड तोडायला माणूस कुऱ्हाड घेऊन आला होता, राजाही तिथंच उभा होता. ते पाणी वाडग्यात घेऊन ती झाडाखाली बापाकडे गेली. "बाबाजान, चाखा."

"कडू आहे गं!"

"मग ओता झाडाच्या मुळाशी."

राजानं ओतलं. वारा नव्हता, तरी पानं थरथरली. मग नवं पाणी, पुन्हा उकळी. तेही कडूच. राजानं ओतलं, तशी सगळी पाखरं गप्प झाली.

मग तिसरं पाणी. वाडगा हातात घेतला आणि राजाला राणी आठवली. अशीच बाह्या सारून इथंच पाणी ओतायची ती. राजाचे डोळे भरले, टपटप वाडग्यात गळले. मग राजा लहान मुलासारखा ढसाढसा रडला. महरुखनं रडू दिलं. हुंदके थांबल्यावर त्यानं ते पाणी ओतलं.

आणि काय सांगू बाळांनो! बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड एका दमात फुललं. पांढरं शुभ्र! सगळं शिराज घराबाहेर येऊन बघत राहिलं. झाड तोडायला आलेल्या माणसानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि हात जोडले.

मग त्या उकळलेल्या सालींवर साखर पडली, केशर पडलं, वेलची पडली. राजानं एक साल तोंडात घातली. गोड! किती दिवसांनी गोड! मग हळूच म्हणाला, "बाळ, शेवटी जरासं कडू लागतंय गं."

"तेवढं राहू द्यायचं असतं," महरुख म्हणाली. "आई म्हणायची."

राजानं दुसरी साल उचलली.

झाड राहिलं, राजा जेवू लागला, बापलेक सुखानं नांदले. वेणू झोपली की! चला, तुम्हीही डोळे मिटा आता.