आजच दात, आजच हाड

सागाच्या एका जंगलात एक तरसीण राहत असे आणि तिचा सारा संसार तिच्या जबड्यावर चालत असे. मुलांनो, वाघ मांस खाऊन निघून जातो; मागे उरलेली हाडं फोडून आतला मगज काढणं हे तरसाचं काम. तिची दोन पिल्लं त्याच मगजावर वाढत होती. एकदा गव्याच्या मांडीचं हाड फोडताना तिची उजवीकडची मोठी दाढ मुळासकट गेली.

त्या जंगलात सुतारपक्षीण दात बसवत असे. तिने तरसिणीला तोंड उघडायला लावलं, हिरडीवर चोचीने हळूच टकटक केलं आणि म्हणाली, "रस्ते तीन आहेत. एक कवळीचा. घालायची, काढायची, रोज धुवायची. मऊ खाण्यापुरती बरी. दुसरा पुलाचा. शेजारचे दोन दात कोरून त्यांच्या आधाराने मधला बसवायचा. पण तुझे शेजारचे दात धडधाकट आहेत, ते कशाला कोरू? राहिली खुंटी. ती जबड्याच्या हाडात रोवायची, हाडाने धरली की वर दात. तुझ्या कामाला तीच चांगली. मात्र आधी हिरडीची सूज उतरू दे. आणि खुंटी रोवल्यावर पावसाळा संपेपर्यंत त्या बाजूने काही चावायचं नाही."

"अन् माझी पोरं तोवर हवा खातील?"

"डावीकडून बारीक हाडं फोड. पोट अर्धं भरेल, पण कोणी मरणार नाही."

तरसिणीला अर्धं पोट नको होतं. पलीकडे वडाखाली एका कोल्ह्याने दुकान मांडलं होतं आणि फांदीवर बसवलेला पोपट दिवसभर ओरडत असे, "आजच दात, आजच हाड!" रांग ओढ्यापर्यंत गेलेली. कोल्हा कवळी ठेवत नसे, पूल बांधत नसे. खुंटी तेवढी ठोकत असे, रानडुक्कर असो की ससा, सगळ्यांना एकाच मापाची. तरसिणीच्या तोंडात त्याने डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

"कोल्हेबुवा, हिरडी सुजलीय माझी."

"ताई, सूज त्या सुतारणीने तुमच्या डोक्यात भरलीय. गिऱ्हाईक नाही ना तिच्याकडे!"

त्याने खुंटी ठोकली, वर दात चढवला आणि रांगेसमोर तिच्याकडून सांबराचं हाड फोडून घेतलं. रांग खूश झाली. पिल्लं त्या संध्याकाळी पोटभर जेवली.

अमावस्या येईतो जबडा भोपळ्यासारखा फुगला. खुंटी निखळली ती हाडाचा तुकडा घेऊनच, आणि शेजारचे दोन्ही दात हलू लागले. कण्हत ती कोल्ह्याकडे गेली. तो म्हणाला, "लगेच चावायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" वर पोपट ओरडतच होता.

मुलांनो, कोल्ह्याच्या या करणीला कुणी नुसती चूक म्हणू लागलं तर ऐकून घेऊ नका. चूक करणारा निदान ओशाळतो. कोल्ह्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

सुतारपक्षिणीने पुन्हा तोंड तपासलं. "खुंटी धरायला आता हाड उरलं नाही आणि पूल पेलायला शेजारी उरले नाहीत. कवळी देते."

"मग हाडं?"

"डावीकडून. आता कायमचीच."

एका पावसाळ्याची अडचण जन्माची झाली होती.

कवळी घालून तरसीण घरी गेली नाही. ती थेट वडाखाली गेली, रांगेसमोर कवळी काढून हातात धरली आणि जबडा वासला. "बघा. नीट आत बघा."

रांगेत पहिलं उभं असलेलं रानडुक्कर वाकून बराच वेळ बघत राहिलं. मग कोल्ह्याकडे वळून म्हणालं, "बुवा, माझं तोंड तुम्ही कधी बघितलंत?"

"त्यात बघायचंय काय? बसा, बसा."

रानडुक्कर बसलं नाही. त्याच्यामागचं अस्वलही वळलं. ऊन उतरेपर्यंत वडाखाली कोल्हा आणि पोपट दोघंच उरले.

तात्पर्य : जो तोंड न तपासताच खात्री देतो, त्याच्या हाती जबडा देऊ नये; हाड आपल्या वेळेनेच भरतं, कुणाच्या आरोळीने नाही.