निम्मी उताणी, निम्मी पालथी

रंभाजीराव देशमुख रोज सकाळी कवडी टाकत. उताणी पडली की पाटाचं पाणी त्यांच्या मळ्याला, पालथी पडली की खालच्या वाडीला. पण पावसाळाभर कवडी पालथी पडे आणि उन्हाळाभर उताणी. वाडीनं तक्रार केली तर राव म्हणाले, "वर्षाची बेरीज करा. निम्मी उताणी, निम्मी पालथी. कवडी खोटी कशी?"

वाडीच्या पाटलीण चिमाबाईंनी रावांना जेवायला बोलावलं. पानात आमटीच्या दोन वाट्या. एक तोंडात धरवेना इतकी खारट, दुसरी पार अळणी.

"वहिनी, मीठ टाकायची ही काय रीत?"

"दोन वाट्यांना लागतं तेवढंच टाकलंय, भावजी. बेरीज करून बघा."

खारटपणानं जीभ चरचरलेल्या रावांनी पाणी मागितलं.

"पाणी ना, पावसाळ्यात भरपूर असतं आमच्याकडे," चिमाबाई म्हणाल्या. "तेव्हा या."