वेळण्याच्या होड्यांची नावे

पाव्हण्यांनो, आमच्या वेळणे गावच्या या पुळणीवरच्या होड्या नीट बघा. एकेकीवर तीन-तीन नावे आहेत. नवा मालक जुन्या नावाला रंग लावत नाही, खाली आपले लिहितो. पूर्वी उलट रीत होती. होडी विकली की पहिले नाव खरवडायचे, म्हणजे जुन्या मालकाची पीडा जाते, असे आमचे शहाणे पूर्वज मानत. ती रीत यमुना तारी नावाच्या बाईमुळे मोडली.

यमुनेचा नवरा विश्राम एका मोठ्या प्रवासी बोटीवर खलाशी होता. सात मजले, नाचायला दिवाणखाना, पोहायला तलाव. विश्राम मात्र तळाला इंजिनापाशी. तो चढला तेव्हा बोट 'एलिनोरा' होती. मालक बदलला, ती 'नॉर्थ ल्यूसिया' झाली. मग विश्रामची पत्रे थांबली. यमुनेने मास्तरांकडून कंपनीला पत्र धाडले. उत्तर आले, या नावाची बोट आमच्याकडे नाही. तोवर ती 'सोल द मार' झाली होती, पुढे 'जेड एम्प्रेस'. नव्या मालकाने जुन्याकडे बोट दाखवावे, जुन्याचा पत्ताच नसावा.

बारा वर्षे झाली तेव्हा गावाने सांगितले, नवऱ्याचा दर्भाचा पुतळा करून जाळ आणि मोकळी हो. यमुना म्हणाली, "बोट बुडाली असां कोणी सांगूक नाय. माझां कुंकू मी कशाक पुसू?" अशी एकोणीस वर्षे ती ना धड सवाष्ण, ना धड विधवा. हळदीकुंकवाला बोलवावे की नाही, तेही बायकांना कळेना.

मग म्हणे एका वादळात, भंगारात ओढून नेताना दोर तुटून एक बोट इथे रुतली. शेवटच्या फेरीला तिला नवे नावही दिले नव्हते. जुन्यातली अक्षरे पुसून नुसते 'प्रेस' उरवले होते. ती आपणहून यमुनेकडे आली असे सांगतात. माझे वडील म्हणायचे, दोर कुजका होता. तुम्हाला काय पटेल ते घ्या.

बोट जागेवरच तोडायची ठरली. गॅसने कापण्याआधी पत्र्यावरचा रंग खरवडावा लागतो. ते काम गावच्या सदू धुरीकडे होते. बोटीच्या पुढच्या टोकाचा, नाकाडावरचा रंग निघाला तशी जुनी नावे एकाखालून एक वर आली. तळात इंजिनाजवळच्या भिंतीवर तीन थरांखाली एक यादी निघाली. आगीत गेलेल्या अकरा जणांची, सोबत्यांनी हाताने लिहिलेली. पुढच्या मालकाने तिच्यावर पांढरा रंग मारला होता.

सदूने यमुनेला आत नेले. सातवे नाव विश्रामचे होते.

"परत वाच," ती म्हणाली. त्याने तीनदा वाचले.

ती भिंतीकडे बघत राहिली. "माका रडाक होया," ती म्हणाली, "पण रडू येना नाय." पदराने कुंकू पुसले. निघताना मात्र थांबली. "ह्या धा जणांच्या घराक कोण कळवतलो?"

सदूने यादी उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी ती भिंत कापली गेली. त्यानंतर यमुनेने गावातल्या एकाही होडीवरचे नाव खरवडू दिले नाही.

आजही सर्वपित्रीला वेळण्यात देवळाजवळ अकरा पाने वाढतात. ते दहा जण कुठल्या देशाचे, कुठल्या धर्माचे, कोणाला ठाऊक नाही. भाताची मूद ठेवताना वाढणारी बाई प्रत्येक पानावर एकेक नाव घेते. परकी नावे जिभेवर वळत नाहीत. अडखळत घेते, पण घेते.