ऐकणाऱ्याचा पाट

"मग माझं चुकलं कुठे, तेवढं तरी सांगा, अक्का."

अक्का पोथीच्या एका फाटक्या पानाला खळ लावत होत्या. गव्हाच्या पिठाची पातळ खळ, बोटाच्या टोकानं, अगदी कडेकडेनं.

कृष्णेच्या काठचा तो अक्कांचा लहानसा मठ. ओसरीपुढे थोड्या पायऱ्या, पायऱ्यांखाली रस्ता, आणि रस्त्यावर उभी असलेली एक रिक्षा.

रिक्षात मंदाकिनीच्या सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पायाशी पत्र्याची ट्रंक. शेजारी मंदाकिनीचे यजमान, श्रीपादराव. मायलेक दोन बाजूंना तोंडं करून बसले होते. सासूबाईंना तर धड दिसतही नव्हतं, तरी त्या पलीकडेच बघत होत्या.

बेळगावची गाडी धरायची होती. सासूबाई लेकीकडे निघाल्या होत्या. चार दिवस राहायला नव्हे... कायमच्या.

मठ वाटेत लागतो म्हणून मंदाकिनीनं रिक्षा थांबवली. "अक्कांच्या पाया पडून येते," म्हणाली. "तुम्हीही चला ना."

"माझे गुडघे चढायचे नाहीत," सासूबाई म्हणाल्या. श्रीपादराव काहीच म्हणाले नाहीत.

ते हल्ली काहीच म्हणत नसत.

"सगळं यथासांग केलं, अक्का," मंदाकिनी पुन्हा म्हणाली. "श्रावण लागला तशी पोथी लावली. सोवळ्यात बसले. एकभुक्त राहिले, चटईवर निजले. देवघराचं दार लावून वाचलं, कुणाची सावलीसुद्धा पडू दिली नाही. आमच्या आळीतल्या बायका मला विचारायला येतात, वाचताना शिंक आली तर काय करायचं, म्हणून. आणि माझंच व्रत फळू नये?"

"मौन पाळलंस?"

"पाळलं की! महिनाभर बोलले नाही, वाचनाआधी नाही आणि नंतरही नाही. लागलंच काही तर खुणेनं सांगायची."

"संकल्प काय सोडला होतास?"

मंदाकिनीनं पदर सारखा केला.

"घरातला अबोला जावा, म्हणून."

अक्कांचं बोट जरासं थांबलं. मग पुन्हा पानाच्या कडेनं चालू लागलं.

मंदाकिनीचे धाकटे दीर, दिगंबर, संक्रांतीच्या सुमारास गेले. साधा ताप म्हणता म्हणता गेले. तेव्हापासून त्या घरात भांड्यांचे तेवढे आवाज होत. सासूबाई खिडकीशी बसत, श्रीपादराव अंगणात. जेवायला हाक मारली की येत, ताट संपलं की उठत. दिगंबरचं नाव कुणी घेत नसे. घेतलं तर दुसऱ्याला रडू येईल, अशी प्रत्येकाला भीती. एकमेकांना जपता जपता तिघं तीन गावांना राहायला गेल्यासारखी झाली होती.

आणि मग परवा सासूबाई म्हणाल्या, "मंदाकिनी, मला कुसुमकडे पोचव. तिची पोरं भांडतात तरी. कानाला बरं वाटेल."

"पाट मांडला होतास का?" अक्कांनी विचारलं.

"कुठला?"

"ऐकणाऱ्याचा."

पोथीसमोर एक पाट मांडायची रीत आहे. ऐकायला कोण कुठल्या रूपानं येईल, सांगता येत नाही.

"मांडला होता तर! भोवती रांगोळी, वर फूल. रोज."

"कोण बसलं?"

मंदाकिनीला हसू आलं. "अक्का, तो रिकामाच ठेवायचा असतो ना."

"असं..."

"एकदा मात्र मोडता मोडता वाचलं," मंदाकिनी म्हणाली, आणि सांगताना तिचा स्वर थोडा चढला. "अध्याय अगदी रंगात आला होता. आवाज माझ्या नकळत मोठा झाला असेल. दाराबाहेरून सासूबाईंनी विचारलं, 'मग पुढं काय झालं गं?' आता आली का पंचाईत! मी उत्तर दिलं नाही. पण खंड पडला तो पडलाच. म्हणून तो अध्याय पुन्हा पहिल्यापासून वाचला. मनातल्या मनात."

"आणि त्या?"

"कोण त्या?"

"दाराबाहेरच्या."

"गेल्या असतील की खोलीत," मंदाकिनी म्हणाली. मग थोडी घुटमळली. "नंतर काही विचारलं नाही त्यांनी."

अक्कांनी पान सुकत ठेवलं आणि ओल्या फडक्याला बोटं पुसली. भिंतीतल्या फळीवर लाल बासनांत बांधलेल्या पोथ्या ओळीनं होत्या. त्यांच्यामागे हात घालून त्यांनी एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली पानंही गेलेली, शिवण उसवलेली. लहान मुलांच्या गोष्टींचं असावं.

"वाच."

मंदाकिनीनं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "हे? देवाच्या फळीवर?"

"का? फळीला जड झालंय का?"

"तसं नव्हे... पण कुठली तरी फणसाची गोष्ट दिसतेय ही. आणि ही सोवळ्याची जागा, अक्का."

"मग फणस काही विटाळायचा नाही. वाच. मोठ्यानं."

स्वयंपाकघराच्या दाराशी मठाच्या सोनूबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

मंदाकिनीनं पोथीच्या सवयीनं सुरुवात केली. भरभर, एका पट्टीत, मध्ये श्वाससुद्धा न घेता.

"अगं, मागे कुणी लागलंय का?" अक्का म्हणाल्या. "सोनूबाईला कळू दे की."

तिनं पुन्हा सुरुवात केली.

गोष्ट एका मामाची होती. मामा बहिणीकडे पिकला फणस घेऊन निघाला होता. वाटेत नदी होती. नावेतल्या लोकांनी फणस पाहिला तर सगळे गरे मागतील, म्हणून त्यानं तो उपरण्यात गुंडाळला, वर टोपडं घातलं आणि खांद्याशी धरून तो नावेत बसला. नावाड्यानं विचारलं, "हे कोण?" मामा म्हणाला, "माझा भाचा. झोपलाय, हळू वल्हव."

सोनूबाई फिसकन हसल्या. "अगं बाई! आणि वास?"

वासाचं पुढे होतंच. नाव मध्यावर आली आणि सगळ्यांनी नाकं वर केली. एकजण म्हणाला, फणस कुठेतरी. दुसरा म्हणाला, चांगलाच पिकलाय. मामा भाच्याला थोपटू लागला. समोर एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "पोर केव्हाचं निपचित पडलंय रे. दृष्ट लागली असेल. दे इकडं, मी घेते मांडीवर."

वाचता वाचता मंदाकिनीचा आवाज कधी बदलला, तिला कळलं नाही. म्हातारीचं बोलणं तिनं जरा कापऱ्या आवाजात वाचलं. मामाचं जरा घोगऱ्या. असं वाचायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते कुठून तरी आपसूक आलं.

"दूध!" सोनूबाई ओरडल्या आणि सूप टाकून आत धावल्या.

मंदाकिनी पुढची ओळ वाचणार, तोच अक्कांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ती येऊ दे."

"अहो, पण मध्येच..."

"येऊ दे."

बोट ओळीवर तसंच राहिलं. ओसरी शांत झाली. आत पातेलं उतरवल्याचा आवाज आला.

मंदाकिनी त्या बोटाकडे बघत राहिली...

तिचे वडील, दादा, असंच बोट ठेवत. चंदगडच्या बिऱ्हाडात, दिवेलागणीनंतर. वाचनालयातून आणलेलं पुस्तक, त्याला वर्तमानपत्राचं वेष्टण. मध्ये कंदील आणि भोवती सगळे. आई मेथी निवडत ऐके. मध्येच उठे. "थांबा हं, फोडणी देऊन येते." आणि दादा थांबत. ओळीवर बोट, चष्मा कपाळावर. मुलं ओरडत, "दादा, वाचा ना! आईला मग सांगू आम्ही." दादा म्हणत, "ऐकणारं माणूस उठलंय, गोष्ट कशी पुढे जाईल?"

मोहरी तडतडे. खमंग वास येई. आई पदराला हात पुसत येऊन बसे आणि म्हणे, "हं." मगच बोट उचललं जाई.

दोन्ही भावांचं दिवसा कडाक्याचं भांडण झालेलं असे. ते कंदिलाच्या दोन बाजूंना फुगून बसत. पण पुस्तकात हसायची जागा आली की दोघं एकदम हसत. एकदम हसल्यावर पुन्हा फुगायचं कसं?

तिला गोवर आला होता तेव्हा दादांनी पुस्तक तिच्या उशाशी आणलं. सगळं घर मग उशाशी आलं. अंग भाजत होतं. गोष्ट काय होती, आता आठवत नाही. दादांच्या आवाजाचा गारवा तेवढा आठवतो.

कितीतरी वर्षांत हे तिच्या मनातही आलं नव्हतं. माहेरचं म्हणून तिनं पोथी आणली होती, पितळी समई आणली होती. ते बोट आणायचं राहून गेलं...

"थांबलीस का गं?"

आवाज रस्त्यावरून आला होता.

मंदाकिनी दचकली. रिक्षाचं इंजिन कधीच बंद झालं होतं. रिक्षावाला हँडलवर कोपरं टेकून इकडेच बघत होता. आणि मागच्या बाजूनं सासूबाईंनी डोकं बाहेर काढलं होतं. दिसत नसलेले डोळे मिचकावत, कान ओसरीकडे करून.

"मंदाकिनी! घेतला का तिनं मांडीवर?"

मंदाकिनी पुस्तक हातात घेऊन उठली.

"काटे टोचले असतील की म्हातारीला," सासूबाई म्हणाल्या.

आणि श्रीपादराव हसले. आधी नुसता खोकल्यासारखा आवाज झाला. मग खांदे हलले. मग त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा हसले. संक्रांतीपासून साठलेलं हसू ते, एकदम कसं निघणार? अडत, ठेचकाळत निघालं.

मंदाकिनी ओसरीच्या कडेशी आली. "अहो, बेळगावची गाडी..."

"बघू गं गाडीचं," श्रीपादराव म्हणाले. "आई, हात दे. हळू. पिशवी राहू दे तिथंच."

ज्यांचे गुडघे चढणार नव्हते, त्या सासूबाई लेकाच्या हाताला धरून पहिली पायरी चढल्या. दुसरीवर थांबल्या, श्वास घ्यायला.

"दिगूला फार आवडायचे रे गरे," त्या म्हणाल्या.

मंदाकिनीनं पुस्तक छातीशी धरलं. ते नाव... तिनं श्रीपादरावांच्या तोंडाकडे पाहिलं. आता काय होतं, कोण जाणे.

श्रीपादरावांनी आईचा हात नीट धरला.

"कापा," ते म्हणाले. "कडक गऱ्यांचा कापाच आवडायचा त्याला."

"काहीतरीच! बरका, मऊ रसाचा. हात कोपरापर्यंत माखून घ्यायचा."

"ते मी, आई. कोपरापर्यंत माखायचो ते मी. दिगू नीट एकेक गरा सोडवून खायचा, कापाच."

"मला सांगतोस? मी जन्म दिलाय त्याला!"

"आणि मी फणस फोडलेत त्याच्यासाठी!"

"तुला तरी काय आठवतंय म्हणा, तू नेहमी झाडावर!"

दोघं तिथंच उभे राहून भांडू लागले. भांडता भांडता सासूबाईंचे डोळे वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. श्रीपादरावांनी आपल्या हातरुमालानं ते पुसले, तरी कापाच म्हणत राहिले.

सोनूबाई दुधाचा हात पुसत बाहेर आल्या. "हं," म्हणाल्या आणि सूप ओढून बसल्या.

अक्का उठल्या. इतका वेळ त्या ज्या पाटावर बसल्या होत्या, तो त्यांनी पायानं नव्हे, वाकून दोन्ही हातांनी उचलला, पुस्तकासमोर ठेवला आणि पदरानं पुसला. स्वतः जमिनीवर टेकल्या.

मंदाकिनी घाईघाईनं बसली. आता वेळ लावला तर हे बोलणं पुन्हा विझेल, अशी तिला धास्ती. डोळ्यांत पाणी आलेलं, अक्षरं हलत होती. तरी तिनं ओळ शोधली, गळा साफ केला.

"तर मामा म्हातारीला म्हणाला..."

अक्कांनी ओळीवर बोट ठेवलं.

"थांब. चपला तर काढू दे त्यांना."