चिमाई सुईणीची पट्टी

फार फार वर्षं झाली, मोजायला कुणी उरलं नाही. लेण्याच्या डोंगराखाली कातळगाव होतं आणि तिथं चिमाई नावाची सुईण होती. तिची चार लेकरं एकामागून एक मातीत गेली, आणि तिनंच साऱ्या गावाची बाळंतपणं करायची!

दुसरीचं बाळ रडलं की तिच्या काळजात काटा मोडायचा. 'माझंच का गेलं?' असं एकदा एका बाळाकडे बघताना मनात आलं, आणि तिसऱ्या दिवशी ते बाळ दगावलं. तेव्हापासून चिमाईला आपल्याच डोळ्यांचं भय बसलं. ती डोळ्यांवर पट्टी बांधून बाळंतपणं करायला लागली. असं म्हणतात, तिच्या बोटांना डोळे फुटले होते.

लेण्यात एक म्हातारे भिक्खू राहायचे. एकदा चिमाई तिथं गेली आणि बाहेरूनच म्हणाली, "भंते, माझी नजर वाईट आहे. इथूनच बोलते."

"डोळे बांधलेस, मनाला काय बांधशील?" ते हसले. "ये, बस. जिच्या सुखानं तुला आपसूक हसू येतं तिला आधी आठव. म्हण, तुझं सुख तुझ्यापाशी राहो, वाढत राहो. मग ओळखीपाळखीच्या. जिचं सुख सलतं, ती शेवटी."

चिमाई रोज बसायची. सगळी नावं झाली, शेवटचं काही ओठावर येईना. ते होतं सवतीचं, भागूचं.

आणि भागूलाच कळा आल्या. बाळ आलं ते निळं, रडेना.

"आक्का, पट्टी सोडू नको गं, पाया पडते!" भागू किंचाळली.

नाळेचे वेढे गळ्याला बसलेले, आणि भीतीनं चिमाईची बोटं त्या दिवशी आंधळी झाली. बघावं तर नजर लागेल, न बघावं तर बाळ जाईल! तिनं पट्टी ओढली. बाळाकडे डोळे भरून पाहिलं.

"भागू, तुझं सुख तुझ्यापाशी राहो, वाढत राहो," म्हणत तिनं वेढे सोडवले. बाळानं असा टाहो फोडला की लेण्यातल्या दगडी हत्तींनी कान हलवले, असं म्हणतात.

अजून कातळगावात बाळाला तीट लावत नाहीत. बारशाला बाळ आधी अशा बाईच्या मांडीवर देतात, जिचं मूल गेलंय किंवा झालंच नाही. आईचा हात सुटता सुटत नाही. तरी देते. ती बाई वाकून चिमाईचे शब्द म्हणते, आणि ते संपेपर्यंत सगळं घर श्वास रोखून उभं असतं.