तुळाजीने दिलेला झोका

सद्गुरू विश्रामनाथ महाराज त्या काळी समुद्रकाठच्या माडवेळ गावी मुक्कामाला होते. गावकऱ्यांनी प्रेमाने बांधून दिलेल्या लहानशा मठात, ओसरीवर, एक बुटका झोपाळा होता. सकाळची आरती आटोपली की महाराज त्यावर बसत आणि पायाचा अंगठा जमिनीला टेकवून सावकाश झोके घेत दुपारपर्यंत भक्तांशी बोलत. कड्यांची करकर ऐकू आली की बायका एकमेकींना म्हणत, "चला गो, महाराज बसले."

त्याच गावात तुळाजी मयेकर माडावर चढून नारळ पाडायचं काम करी. माणूस गरीब स्वभावाचा, पण गळा असा, की तो कोणत्या माडावर आहे हे खालच्या माणसाला अभंगावरून कळे. एके सकाळी दवाने ओल्या झालेल्या माडावरून त्याचा पाय सटकला आणि तो पाठीवर आपटला. जीव वाचला, पण कंबरेखालचं अंग लुळं पडलं. चिमटा काढला तरी कळेना.

पंचक्रोशीत नरहरपंत वैद्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पंतांचं नाडीज्ञान खरोखर मोठं होतं, आणि त्याचा अभिमान त्याहून मोठा! त्यांनी पाय चाचपले आणि तुळाजीच्या तोंडावर सांगून टाकलं, "हे पाय मेले. उगाच तेल फुकट घालवू नका."

तुळाजीने त्या दिवशी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचा अभंग बंद झाला. बायको आवडी घास भरवायला गेली तर म्हणे, "माका समुद्रात नेऊन सोड." तिने महिनाभर सोसलं आणि मग पदर सावरून मठ गाठला.

"महाराजानु, ह्येंचे गुडघे आता वाकनत नाय. लाकडासारखे झाले. मी काय करू?"

महाराज म्हणाले, "आवडे, दार उघडलंच नाही तर बिजागरी गंजते. अंगाचंही तसंच. त्याला पाय हलवता येत नाहीत ना? मग आपण हलवू. उद्या त्याला फळीवर निजवून इकडे आण. अलगद आण हो!"

दुसऱ्या दिवशी महाराजांनी तुळाजीला झोपाळ्यासमोर खांबाला टेकवून बसवलं. बांबूच्या दोन काठ्या मागवल्या. काठ्यांचं एक टोक झोपाळ्याच्या फळीला बांधलं आणि दुसरं जुन्या मऊ लुगड्याच्या घड्या घालून तुळाजीच्या तळव्यांना. झोपाळा पुढे आला की गुडघे दुमडत, मागे गेला की पाय सरळ होत. पहिल्या दिवशी महाराजांनी चार बोटांचाच झोका घेतला. "जबरदस्ती नको," ते आवडीला म्हणाले, "गुडघा देईल तेवढंच घ्यायचं." मग तुळाजीकडे वळून म्हणाले, "आजपासून मला झोके द्यायची सेवा तुझी बरं का!"

तुळाजीचा चेहरा असा फुलला म्हणता! दुसऱ्याच दिवशी त्याने झोपाळ्याच्या ठेक्यावर अभंग धरला. मध्येच काळजीने विचारी, "महाराजानु, जोरात होता काय?"

"बेताने रे बाबा," महाराजही तितक्याच गंभीरपणे सांगत.

बुटक्या झोपाळ्याखाली टेकलेला महाराजांचा अंगठा तुळाजीला समोरून दिसत नसे, पण शेजारी उभ्या असलेल्या आवडीला तो दिसत होता. झोका कोण देतं ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण ती कुणाजवळ अवाक्षर बोलली नाही. संध्याकाळी घरी ती कोमट खोबरेल चोळी, घोटे फिरवी, एकेक बोट वाकवी. सात महिन्यांत गुडघे मऊ झाले, टाचा टेकू लागल्या. पाय अजून आपले आपण हलत नव्हते, पण तुळाजी पोटभर जेवत होता आणि गात होता. आवडीला तेवढंही पुष्कळ होतं.

ही सेवेची गोष्ट पंतांच्या कानी गेली. दत्तजयंतीला ओसरी माणसांनी भरलेली असताना ते आले आणि मोठ्याने हसले. "वा! मेलेल्या पायांचे झोके! लोकहो, जरा खाली बघा. महाराजांचा अंगठा झोपाळा ढकलतोय आणि झोपाळा ह्याचे पाय ढकलतोय. हा कसले झोके देणार?"

तुळाजीचा अभंग अर्ध्यावर तुटला. त्याने वाकून पाहिलं. "महाराजानु... खरा काय ह्यां?"

आता हा पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवणार, आणि या खेपेला त्याला कुणी वळवू शकणार नाही, हे आवडीला पक्कं ठाऊक होतं.

"खरं आहे," महाराज शांतपणे म्हणाले. "आजवर अंगठा माझाच होता."

"मग घ्या पाय वर! होऊन जाऊ दे!" पंत म्हणाले.

"घेतो की." महाराजांनी दोन्ही पाय उचलून झोपाळ्यावर मांडी घातली. झोका लहान होत गेला. कड्यांची करकर थांबली. कुणीतरी तोंडाला पदर लावून हसलं.

"तुळाजी," महाराज म्हणाले, "सात महिने मी तुझ्या पायांना रीत शिकवली. आता मला झोका कोण देणार रे?"

"जमाचा नाय, महाराजानु." तुळाजीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

तेव्हा आवडी, जी चार माणसांत कधी मोठ्याने बोललीसुद्धा नव्हती, नवऱ्याशेजारी बसली आणि अभंग जिथे तुटला होता तिथून गाऊ लागली. आवाज कापत होता, सूर चुकत होता. तुळाजीला चुकलेला सूर ऐकवेना. डोळे मिटून त्याने तो सावरून घेतला, आणि दोघं गाऊ लागली.

कडी करकरली!

झोपाळा चार बोटं सरकला. थांबला. पुन्हा सरकला.

"वारा आहे!" पंत ओरडले आणि धावत येऊन त्यांनी तुळाजीची पोटरी दोन्ही हातांनी धरली. चाळीस वर्षं नाड्या पाहिलेली ती बोटं. त्या बोटांखाली मांस आवळलं, सैल झालं, पुन्हा आवळलं. पंतांना हात काढवेना. झोका हातभर झाला होता.

"काय म्हणते नाडी, पंत?" महाराजांनी विचारलं.

"महाराज, जिवंत पायांना मी मेले म्हणालो," पंत म्हणाले. "माझं चुकलं." ते महाराजांचे पाय शोधू लागले.

"माझे तर तुम्हीच वर घ्यायला लावलेत," महाराज हसले. "खाली आहेत त्यांना नमस्कार करा."

पंत क्षणभर थबकले. मग तुळाजीपुढे गुडघे टेकून वाकले.

"अरे अरे पंतानु, ह्यां काय करतास!" म्हणत तुळाजीने लाजून दोन्ही पाय झटकन मागे ओढले!

त्याबरोबर झोपाळा असा हिसकला की महाराजांनी साखळी घट्ट धरली. "अरे तुळाजी, पाडतोस की काय मला!" म्हणत ते खदखदून हसले. सगळी ओसरी हसत होती, जयजयकार करत होती. आवडीला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती दोन्ही करत होती.

आणि क्षणापूर्वी जिथे तुळाजीचे पाय होते, त्या सारवलेल्या जमिनीवर नरहरपंतांनी आपलं कपाळ टेकलं. ते बराच वेळ तसेच राहिले. वर झोपाळ्याची कडी करकरत होती.