अर्ध्या ब्लेडची फट

“दम गार असताना जातोय, का गरम झाल्यावर?”

बाबालाल उस्तादांनी मान वर न करताच विचारलं. समोर मातीच्या शर्यतीची मोटारसायकल, आणि तिच्या मागं रणधीर इंगवले. एके काळचा त्यांचाच चेला, आता बाजारपेठेत स्वतःच्या गॅरेजचा मालक.

“गरम झाल्यावर, उस्ताद. ट्रॅकवर दोन-चार चकरा झाल्या की दमच जातो. किक दाबली तर पाय सरळ खाली. अडतच नाही कुठं.”

“आणि गार झाल्यावर?”

“काही झालंच नाही, असं दाखवते.”

“मग तू काय केलंस?”

“इंजिन खोललं. पिस्टन नवा, रिंगा नव्या, पॅकिंग नवं...”

“कुठं दुखतंय ते विचारलंस का तिला आधी?”

रणधीरनं गॅरेजभर नजर फिरवली.

रॉकेलचा तोच वास होता. पत्र्याचे डबेही तेच. याच फरशीवर तो झोपायचा, उस्तादांच्या ताटात जेवायचा. त्यांच्यासारखाच चालायचा, इतकंच काय, खोकायचाही त्यांच्यासारखाच. मग एका सकाळी उस्तादांनी त्याची पान्यांची पिशवी दाराबाहेर ठेवली. “जा आता,” म्हणाले. एवढंच.

गावाला तेवढं पुरलं. ‘उस्तादानं हाकललेला’ हे शेपूट रणधीरला चिकटलं ते आजतागायत. उद्याच्या शर्यतीत ही गाडी पुन्हा बसली, तर गावाचंच खरं ठरणार होतं. म्हणून तर नाक मुठीत धरून तो ही पायरी चढला होता.

“तापव तिला,” उस्ताद म्हणाले.

रणधीरनं मागच्या माळावर गाडी पिदडली. थोड्या वेळानं ढकलत आणली. किक ढिली, मेलेली.

उस्तादांनी प्लग काढायला लावला. चमचाभर तेल आत सोडलं, प्लग पुन्हा बसवला.

“दाब.”

किक ढिलीच.

“रिंगा खराब असत्या तर तेलानं जरा तरी घट्ट झाली असती. उगाच बदलल्यास.”

मग ते सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरून उकिडवे बसले.

“आता दाब. सावकाश.”

फुस्स... तळव्यावर वारा लागला. उस्तादांनी डोळे मिटले. इंजिनापुढं बसले की असेच मिटायचे. रणधीरला ते पाहून उगाचच भरून आलं.

“व्हॉल्व्हचं दार उघडं राहतंय. तिथनं हवा पळती.”

“कसं राहील? व्हॉल्व्ह ढकलणारं टॅपेट मी एकदम घट्ट बसवलंय! केसाएवढी फट नाही.”

“म्हणूनच.”

“... म्हणजे?”

“तुझ्या हातचं इंजिन वाजत न्हाई म्हणं.”

“नाहीच वाजत.” रणधीरची मान ताठ झाली. “टॅपेटची टकटक आपल्याकडं चालत नाही. लोक लांबून येतात त्यासाठी.”

“तापलं की लोखंड वाढतंय, रणधीर. त्याला जागा नको व्हय? न्हाई मिळाली तर व्हॉल्व्हचं दार ढकलून धरतंय.”

रणधीर खाली बसला. इतक्या वर्षांत उस्तादांनी पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली होती.

इंजिन गार होईपर्यंत थांबणं भाग होतं. फट गार इंजिनातच मोजायची, हा उस्तादांचा जुना नेम. चहा आला. दोघं एकाच बाकावर बसले, पूर्वीसारखे.

मग उस्तादांनी फळीवरची काड्यापेटी उघडली. आत दाढीचं अर्धं ब्लेड होतं, धार घासून बोथट केलेलं. रणधीरनं ते लगेच ओळखलं. सगळ्या तालुक्यातल्या इंजिनांची फट उस्तादांनी याच ब्लेडानं मोजली होती.

“टॅपेटच्या फटीत घाल. जरा अडकत सरकलं पायजे. लई ढिलं नको, लई घट्ट नको.”

रणधीरनं फट लावली. गाडी चालू केली.

टक्... टक्... टक्...

“वाजतंय, उस्ताद.”

“वाजू दे की.”

रणधीर माळावर चकरा मारू लागला. दोन झाल्या, चार झाल्या, धूळ उडाली, ऊन कललं. गाडी दमली नाही. तो परतला, इंजिन बंद केलं, पण खाली उतरला नाही. हँडल घट्ट धरून तसाच बसून राहिला.

“उस्ताद... मला का काढलंत?”

उस्तादांनी ब्लेड धोतराच्या सोग्याला पुसलं. काड्यापेटीत ठेवलं. पेटी रणधीरच्या शर्टाच्या खिशात सरकवली.

“लई घट्ट बसला हुतास मला, जरा फट पायजे हुती,” म्हणाले. “एकदा किक दाब.”

रणधीरनं दाबली. तापलेल्या इंजिनानं त्याचा पाय जोरात वर फेकला.

उस्ताद हसले.

“किक आली न्हवं परत?”